अनोळखी भाग

"मावशी, वाईट वाटून घेऊ नका, पण आमचा डिस्प्ले कुठं ठिवला?"

सुदर्शननं हे हळूच विचारलं. ओरडला असता तर राजकन्याला एवढं लागलं नसतं.

काउंटरवर त्याचा फोन उजळून पडला होता. काच कोरी, रंग झकास. पण मधोमध पांढऱ्या अक्षरांत ओळ आली होती : 'अनोळखी भाग आढळला. हा डिस्प्ले मूळ असल्याची खात्री करता येत नाही.' आणि फोन सुदर्शनचा चेहराही ओळखेना. त्यानं तो तीनदा तोंडासमोर धरला, टोपी काढून धरला, तरी नाही.

अहमदपूरच्या एसटी स्टँडसमोर राजकन्याचं हे मोबाईल दुरुस्तीचं दुकान. एकोणीस वर्षं झाली. आधी ती नवऱ्याशेजारी स्टुलावर बसून काम शिकली, आणि तो गेल्यावर त्याच्या खुर्चीवर बसायला लागली. तिला कुणी हळू म्हटलं होतं, कुणी चिकट म्हटलं होतं. माल बदलला, असं कुणी म्हटलं नव्हतं.

"ह्योच तुमचा डिस्प्ले हाय," ती म्हणाली. "तुमच्या भावाच्या फोनवरचा. तुमच्या आबांसमोर काढला, त्यांच्यासमोरच लावला."

बाकावर बसलेले भगवानराव, सुदर्शनचे वडील, पुढं सरकले. "हाव रे. मी सकाळपासून हितंच हाय. तू बँकेत गेलतास. एकातून काढला अन् दुसऱ्यात घातला. मधी चहासुदिक घेतला न्हाई बाईनं."

दोघा भावांनी दोन वर्षांमागं एकाच दिवशी हे फोन घेतले होते. एकेक सव्वा लाखाचा. वॉरंटी संपून महिना होतो न होतो तोच धाकट्या हरिओमच्या फोनचा बोर्ड गेला. कंपनीच्या लातूरच्या सेंटरवर सांगितलं, बोर्ड बदलण्यापेक्षा नवाच घ्या. मग गेल्या आठवड्यात सुदर्शनच्या फोनची काच फुटली. त्याच सेंटरवर डिस्प्लेचे बेचाळीस हजार सांगितले, वर आठ दिवस फोन ठेवून जायचा आणि आतलं सगळं पुसलं गेलं तर तक्रार करायची नाही, असं सही करून द्यायचं. तेव्हा भगवानरावांनीच तोडगा काढला. मेलेल्या फोनची काच धडधाकट आहे. ती जित्याला लावू. ट्रॅक्टरचं असंच करतात. बैलगाडीचंही असंच करायचे.

राजकन्यालाही ते पटलं होतं. तिची ती चूक.

अहमदपुरात नवा फोन घ्यायचा तर लोक आधी तिला विचारायचे. ती कॅमेरा बघायची नाही. पाठ किती मिनिटांत उघडते आणि बॅटरी न वाकवता निघते का, एवढंच बघायची. हा फोन उघडायला तिला पाऊण तास लागला. पाठही काचेची, ती डिंकानं चिकटवलेली. आत तीन तऱ्हांचे स्क्रू, त्यातल्या एकाला लागणारा पेचकस तिला नांदेडहून मागवावा लागला होता. बॅटरी तर अशी चिकटवलेली, की काढताना फाटावी हाच बनवणाऱ्याचा हेतू असावा. हे करणाऱ्याची बुद्धी मोठी होती, यात शंका नाही. ती सगळी त्यानं माणसाचा हात आत शिरू नये यासाठी खर्च केली होती. तिला शिसारी आली होती. पण चातुर्मासाचा तिचा नेम होता, दुकानात कुणाबद्दल वाईट शब्द काढायचा नाही. आषाढी एकादशीपासून पाळला होता.

"मावशी, मी तुम्हाला चोर म्हणून नाही राहिलो," सुदर्शन म्हणाला. "पण फोनच सांगून राहिला ना, पार्ट डुप्लिकेट हाय म्हणून."

"डुप्लिकेट न्हाई म्हणत. ओळखत न्हाई म्हणतंय."

"एकच झालं की."

दुकानात तिसरा माणूस होता, व्यंकट. उमरीकडचा, इथं खताच्या दुकानात कामाला. त्याचा फोन चार्ज होत नव्हता, म्हणून नंबर लावून उभा होता. त्यानं मान लांब करून ती पांढरी ओळ वाचली.

हरिओमच्या फोनमध्ये जीव असता, तर राजकन्यानं हाच डिस्प्ले परत त्याला लावून दाखवला असता. तो तर ठार मेलेला. तिनं दुसरा उपाय केला. "थांबा," म्हणाली, आणि गरम हवेचा ब्लोअर चालू केला. डिंक मऊ केला, जोडणीची पट्टी सोडवली, चांगला डिस्प्ले काढून बाजूला कापडावर ठेवला. मग सुदर्शनचा जुना, कोळ्याच्या जाळ्यासारखा फुटलेला डिस्प्ले पुन्हा बसवला. त्यात पंधरा-वीस मिनिटं गेली.

फोन चालू झाला. पांढरी ओळ गेली. सुदर्शननं तो तोंडासमोर धरला मात्र, तडे गेलेल्या काचेआडून फोननं त्याला झटक्यात ओळखलं.

"बघितलं?" राजकन्या म्हणाली. "फुटका चालतो त्याला, पण आपला पाहिजे. सख्ख्या भावाचा चालत न्हाई."

तिला वाटलं, आता झालं. आंधळ्यालाही दिसावं इतकं उघड होतं.

सुदर्शनचा चेहरा उजळला. "आबा, बघा. हा ओरिजिनल लावला की कसा नीट झाला. म्हणजे मघाचा डुप्लिकेटच होता."



"अरे, माझ्या डोळ्यानं बघितलं मी," भगवानराव म्हणाले.

"तुम्हाला त्यातलं काय कळतंय आबा? एवढी मोठी कंपनी, तिचा फोन खोटं बोलंल का? ह्याला काय पडलंय खोटं बोलायचं?"

"अन् मला पडलंय का?" राजकन्यानं विचारलं.

सुदर्शन हसला. "तसं न्हाई. जाऊ द्या. मावशी, मजुरी किती?"

"जसा आणला तसा दिला," राजकन्या म्हणाली. "कशाची मजुरी?"

चांगला डिस्प्ले तिनं हरिओमच्या फोनसोबत कागदात गुंडाळला आणि भगवानरावांपुढं सरकवला. सुदर्शन फोन न्याहाळत गाडीकडं गेला.

व्यंकट घोटाळला. काउंटरवरचा आपला फोन त्यानं दोन बोटांनी हळूच ओढून घेतला. "मावशी, माझं आज राहू द्या. जरा घाई हाय. उद्या बघू." तो पायरी उतरला. पलीकडच्या गल्लीत नवं दुकान निघालं होतं. तो त्याच बाजूला वळला.

राजकन्या त्याच्याकडं बघत राहिली. मग पदरानं काउंटर पुसला. डिंकाचा एक बारीक पापुद्रा नखाला चिकटला होता, तो सुटेना. "हलकट," ती त्या पापुद्र्याला हलक्या आवाजात म्हणाली. नेम माणसांबद्दलचा होता.

भगवानराव उठले नव्हते. त्यांनीही व्यंकटला जाताना पाहिलं होतं.

"सूनबाईला, तनुजाला असलाच फोन घ्यायचा म्हणून राहिलाय सुदर्शन," ते म्हणाले. "तू काय म्हणतीस?"

"मामा, पैसे तुमचे जातेत. मालक दुसराच राहतो कुणीतरी."

त्यांनी मान हलवली. मग सदऱ्याच्या आतल्या खिशातून स्वतःचा फोन काढला. कडा झिजलेला, रबरबँड लावलेला. पेरणीचे व्यवहार, बँकेचे निरोप, पाहुण्यांचे नंबर, सगळं त्यातच. तो त्यांनी तिच्यासमोर ठेवला.

"ह्याला उघड."

"काय झालंय?"

"काय न्हाई. चांगला चालतोय. उघडून साफ कर."

बाहेर सुदर्शनच्या गाडीचा हॉर्न वाजला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला.

राजकन्यानं पेचकस उचलला. सकाळभर तिच्या हातांकडं बघत बसलेल्या भगवानरावांनी आता बाक जरा फिरवला, आणि काउंटरकडं पाठ करून, रस्त्याकडं तोंड करून ते निवांत बसले.