हसुरामाची किक

हसुराम ठाकूर पडला तो गाडीवरूनच. करंजाड्याच्या वळणावर, मागे बायको आणि तिच्या मांडीवर सुक्या बोंबलांची टोपली. गाडी काही जोरात नव्हती. त्याचा उजवा हात हँडलवरून निसटला, मान लवंडली आणि तिघं, म्हणजे तो, ती आणि गाडी, रस्त्याच्या कडेला आडवे झाले. हौसाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण लोक जमेपर्यंत ती नवऱ्याचं वाकडं झालेलं तोंड बघत बसली होती आणि त्याच्या कानाशी इंजिन आपलं चालूच होतं, फट फट फट, जणू आपला काही संबंधच नाही. त्या दिवसापासून हौसाने त्या इंजिनाशी उभा दावा मांडला.

तसं बघितलं तर त्याच इंजिनावर तिचा संसार उभा राहिला होता. हसुरामाने पहाटे मोऱ्याच्या बंदरावर जाऊन सुकी मासळी आणायची आणि हौसाने ती पनवेलच्या बाजारात विकायची, असं वर्षानुवर्षं चाललं. पण घाबरलेल्या माणसाला जुने उपकार आठवत नाहीत.

लकव्याने हसुरामाचं उजवं अंग नेलं आणि बोलणंही नेलं. तीनच शब्द शिल्लक राहिले, 'हो', 'नाय' आणि 'हौसा'. उभ्या जन्मात या गृहस्थाने बायकोला चारचौघांत नावाने हाक मारली नव्हती. आता दिवसभर तेच चालायचं. पाणी हवं तरी हौसा, पंखा नको तरी हौसा.

गाडी चार महिने सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभी होती. सेक्रेटरीने दोनदा टोकलं. तेव्हा मुलाने, निकेशने, एक डोकं चालवलं. तो कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका व्यापाऱ्याकडे कामाला होता. तिथेच मागच्या गल्लीत अदीबचा गाळा होता. भंगारात निघालेल्या मोटरसायकलींची इंजिनं घ्यायची, घासूनपुसून काळी कुळकुळीत करायची आणि त्यांचे टीपॉय, दिवे, स्टुलं बनवायची, हा त्याचा धंदा. नव्या टॉवरमधले लोक हौसेने नेत.

निकेश बापाच्या पलंगापाशी बसला. "बाबा, गाडी भंगारवाल्याला नाय द्यायची. आपण इंजिनाचा टीपॉय करू. वर काच, खाली इंजिन. आणि किक तशीच ठेवू, मोकळी. सोफ्यावर बसून पायाने मारत राहा. व्यायाम पण होईल."

हसुराम हल्ली कशालाही 'हो' म्हणायचा. पण हा 'हो' वेगळा होता. त्याचा चांगला डोळा चमकला, तो सगळ्यांनीच पाहिला.

दुसऱ्या दिवसापासून घरात नवल घडायला लागलं. हेतल नावाची फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची, तिला बघून हसुराम आजवर भिंतीकडे तोंड फिरवत असे. आता तो तिची वाट बघू लागला. तिने त्याच्या पायाखाली उशी ठेवली. "काका, ही किक समजा. दाबा." आणि तो पाय, जो इतके दिवस लाकडासारखा पडून होता, तो थोडा दबला. आठवड्याभरात टाच उचलली गेली. महिन्याभरात हसुराम काठी घेऊन संडासापर्यंत जाऊ लागला. हेतल म्हणाली, "मावशी, बघत राहा, काका चालणार."

आता हौसाने देवापुढे साखर ठेवायला हवी होती. ठेवलीही तिने. पण साखर ठेवतानाच तिला पुढचं दिसू लागलं. हा माणूस कसला हट्टी, ते तिला ठाऊक होतं. आज टीपॉयची किक मारेल, उद्या पाय सुधारला की नवी गाडी मागेल, आणि परवा पुन्हा तिच्यासमोर रस्त्यावर पडलेला असेल. त्याने बरं व्हावं असं तिला वाटत नव्हतं का? वाटत होतं, पण घरातल्या घरात चालण्यापुरतं.

कोणाला न सांगता ती रिक्षाने कळंबोलीला गेली.

"अदीब, ती किक बंद कर."

"मावशी, निकेशभाई तर बोलले मोकळी ठेव. काकांसाठी खास."

"घरात नात हाय. बोटं सापडतील तिची."

नात अजून रांगतही नव्हती. अदीबने हातातला ग्राइंडर खाली ठेवला. "बघा हां मावशी. आतून वेल्ड मारला की संपलं. परत नाही फिरणार. खोलायचं म्हटलं तरी तोडावंच लागेल."

"मार," हौसा म्हणाली. "आणि निकेशला सांगू नको. उगाच हसंल मना."

टीपॉय रविवारी आला. खरंच देखणा झाला होता. सून कोमलने हळदीकुंकू लावलं, हेतल मुद्दाम सुट्टीच्या दिवशी आली. हसुराम सोफ्यावर बसला, काठी बाजूला ठेवली आणि कोणी हात न लावता त्याने उजवा पाय उचलला. थरथरत, पण उचलला. तळवा बरोबर किकवर टेकला. कोमलने टाळ्या वाजवल्या. निकेशचे डोळे भरून आले.

मग हसुरामाने दाबलं.

काहीच झालं नाही. त्याने पुन्हा दाबलं. मानेच्या शिरा फुगल्या, घाम फुटला, पण किक केसभरही हलली नाही. तिसऱ्या वेळी पाय घसरून फरशीवर आपटला.

"नवीन नवीन जड जाणारच," हेतल म्हणाली. निकेश म्हणाला, "उद्या जमेल, बाबा." स्वतः किक मारून बघावी हे त्याच्या मनात आलंही असेल. पण बापाला जे जमलं नाही ते त्याच्या देखत करून दाखवायचं, इतका तो अवलक्षणी नव्हता.

हौसा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचा जीव भांड्यात पडला, आणि त्याची तिला लगेच लाज वाटली.

चार दिवस हसुराम रोज किकशी झटला. पाचव्या दिवशी त्याने टीपॉयकडे बघणं सोडलं. मग उशी दाबणं सोडलं, मग काठी. पुन्हा पलंग, पुन्हा भिंत. हेतल जाताना दारात थांबली. "मावशी, पायात ताकद आहे हो. माझ्या हाताला कळते ना. पण त्यांना वाटतं आता काही होणार नाही. त्यांनी मनातूनच सोडलंय."

दुपारी घरात दोघंच होती. हौसा पलंगावर बसली आणि त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"अवो, ऐका. तुमच्या पायात जोर हाय. किक मी बंद केली. अदीबला सांगून आतून वेल्ड मारला. मना भ्या वाटलं, तुमी परत गाडी मागाल म्हणून. माझी चूक झाली. पाय चांगला हाय तुमचा."

"नाय," हसुराम म्हणाला. तिने अदीबला फोन लावला, स्पीकर चालू केला. "हां काका," अदीबचा आवाज आला, "मावशी खरं बोलते. अल्ला कसम, मीच मारला वेल्ड."

हसुरामाने फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. बाजारात तिने किती गिऱ्हाइकांच्या गळ्यात जुने बोंबील कालचेच म्हणून मारले होते, ते त्याने शेजारी उभं राहून पाहिलेलं होतं. हिने अदीबलाही पढवून ठेवलंय, हे त्याच्या डोळ्यांत तिला स्वच्छ दिसलं.

"खोटं नाय ओ!" हौसा ताडकन उठली. साडी खोचली, किकवर पाय दिला आणि अख्ख्या अंगाचा भार टाकून उभी राहिली. "बघा! माझ्यानंबी हलत नाय! बघा ना!"

हसुराम हसला. तोंडाची जी बाजू शाबूत होती तेवढ्या बाजूने, कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा हसला. कारण ती किक हौसाच्याने जन्मात कधी हलली नव्हती. गाडी धडधाकट होती तेव्हाही नाही.

त्याने डाव्या हाताने तिला जवळ बोलावलं, तिचे डोळे पुसले.

"हौसा," तो म्हणाला. रडणाऱ्या पोराला गप्प करावं तसा.

मग त्याच हाताने त्याने चादर ओढून उजवा पाय झाकला आणि तोंड भिंतीकडे केलं.