साठ नंबरचे इंजिन

मित्रांनो, माझा आकार तुमच्या मुठीएवढा आहे. अंग ॲल्युमिनियमचे, पोटात एक छोटा दट्ट्या आणि पुढे लाकडी पंखा बसवायचा दांडा. हौशी माणसे रिमोटवर छोटी विमाने उडवतात ना, तसल्या विमानाचे मी एक जुने इंजिन. गेली अकरा वर्षे चपलांच्या खोक्यात पडून आहे. उडालो मात्र एकदाही नाही.

कारखान्यात माझी जुळणी करणारी बाई फार काटेकोर होती. दट्ट्या केसभर सैल वाटला तरी ती तो बाजूला टाकायची. तिने मला पहिल्यांदा चालवले, कान देऊन ऐकले आणि म्हणाली, "हे तर वाघ आहे वाघ!" त्या कौतुकाच्या जोरावर मी दुकानाच्या काचेच्या कपाटात कित्येक महिने ऐटीत बसलो. शेजारी चाळीस नंबरचे इंजिन होते. मी साठ नंबरचे. नंबर मोठा, तेवढी ताकद मोठी.

एके दिवशी एक घड्याळजी आला. बरोबर त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. घड्याळजीने दोन वर्षे खपून हलक्या लाकडाचे विमान बांधले होते. दुकानदाराने त्याचा नकाशा नीट पाहिला.

"साहेब, याला चाळीसच लावा. साठ झेपायचं नाही. नाक जड होईल, आणि ओढ अशी की शेपटी धरणाऱ्याची त्रेधा उडेल."

घड्याळजीने चाळीस नंबर हातात घेतले. तेवढ्यात मेहुणा हसला.

"भावोजी, जन्मभर मुंगीएवढ्या स्क्रूंशी खेळलात. आता तरी काहीतरी दमदार घ्या की!"

घड्याळजीचा चेहरा उतरला. त्याने चाळीस नंबर खाली ठेवले आणि मला उचलले. खोटे कशाला बोलू, मला भारी आनंद झाला.

दुकानदाराचे बोलणे खरे ठरले. माझ्या वजनाने विमान पुढे कलू लागले. मग घड्याळजीने विमानाचे नाक कापून मला मागे सरकवले. त्यामुळे इंधन कमीजास्त करायचा स्क्रू नाकाच्या खाचेत दडला, फक्त पंख्याच्या बाजूने हाती लागेल असा.

"दुकानदार काही वेडा नव्हता," बायको म्हणाली. "बदलून आणा."

"आता विमानाचं नाक कापलंय. बदलायला गेलो तर माझंही कापलं जाईल."

रविवारी सकाळी मैदानावर मला सुरू केले. विमान पुढे पळू नये म्हणून मेहुणा शेपटी धरून बसला. स्क्रू खरे तर पंख्याच्या मागून फिरवायचा असतो, पण मागून बोटे पोचत नव्हती. घड्याळजी समोरून वाकला. उजवा हात स्क्रूवर, डाव्या हातात रिमोट. व्हिडिओ घ्यावा म्हणून मेहुण्याने एका हाताने मोबाइल काढला.

"भावोजी, होऊ द्या फुल!"

घड्याळजीने रिमोटवरची काडी पुढे ढकलली. मी सगळी ताकद लावून ओढ घेतली. एका हातातून शेपटी सुटली. विमान फक्त वीतभर पुढे गेले. वीतभरच.

पंखा मोडला, विमान कलंडले आणि मी बंद पडलो. मेहुण्याने अंगातला शर्ट काढून भावोजींच्या हाताला गुंडाळला. मेहुणाच ओरडत होता. घड्याळजीच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटे गेली.

मला नंतर घड्याळांच्या दुकानातल्या फळीवर ठेवले. समोर टेबलावर सात घड्याळे उघडी पडली होती. बायकोने एकेक घड्याळ पुडीत बांधून लोकांना परत केले. एक म्हातारे गिऱ्हाईक म्हणाले, "राहू दे इथंच. बरं वाटलं की करतील सावकाश."

"बोटं परत उगवत नाहीत, काका," ती म्हणाली.

दुकान बंद झाले आणि मी खोक्यात गेलो. घड्याळजी आता एका गोदामाचे फाटक उघडतो आणि लावतो. मेहुणा सुरुवातीला रोज यायचा. पण बहिणीच्या नजरेला नजर देणे त्याला जमेना. हळूहळू त्याने येणेच सोडले.

परवा घर आवरताना खोके बायकोच्या हाती लागले.

"फेकून देऊ का हे?"

घड्याळजीने मला डाव्या हातात घेतले. दांडा फिरवून पाहिला. आतले तेल सुकून मी जाम झालो आहे, त्यामुळे तो हलला नाही.

"त्याचा काय दोष?" तो म्हणाला. "समोर हवा आहे की बोट, हे त्याला थोडंच कळतं? मला कळायला हवं होतं."

त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

मित्रांनो, तुम्हीही कधी विमान बांधाल. त्याला झेपेल तेवढेच इंजिन निवडा. फिरत्या पंख्यापुढे हात नेऊ नका. कोणी शेपटी धरायला सांगितली, तर दोन्ही हातांनी धरा. आणि लहान इंजिन घेतले म्हणून कोणी हसले, तर खुशाल हसू द्या. हसू घटकाभरात विरून जाते. घड्याळजीला मात्र शर्टाची बटणे लावायला अजूनही रोज सकाळी फार वेळ लागतो.