कुठं म्हणायचं नाही

मंगळवार पेठेतल्या त्या गल्लीत घराबाहेर पडणाऱ्याला 'कुठं निघालास' असं विचारायची कुणाची छाती नव्हती. कारण अक्का. सरोजिनीची ही विधवा आत्या. सगळी गल्लीच तिला अक्का म्हणायची. कामाला निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हटलं की काम फिसकटलंच, हा तिचा कायदा. एकदा गवळ्यानं दादाला, म्हणजे सरोजिनीच्या थोरल्या भावाला, चुकून विचारलं. अक्कानं दादाला दंडाला धरून परत आणलं, पाटावर बसवलं, पाणी पाजलं आणि मग पुन्हा वाटेला लावलं. कोर्टातल्या कारकुनीला त्याला उशीर झाला, त्याचं अक्काला काही नव्हतं. गवळी मात्र पुढं महिनाभर खाली मान घालून दूध घालत होता.

बावन्न साली एका शिक्षण संस्थेनं सरोजिनीला मास्तरणीच्या जागेसाठी मुलाखतीला बोलावलं. आईवडील नव्हते. दादानं स्पष्ट सांगितलं होतं, जागा मिळाली तर ठीक, नाहीतर गुरुवारी गगनबावड्याची माणसं येतील आणि सुपारी फुटेल. नवरा बिजवर, दोन मुलांचा बाप. दादा वाईट नव्हता, बहिणीच्या काळजीनं घायकुतीला आला होता, इतकंच. पण सरोजिनीला शिकवायचं होतं, अगदी मनापासून.

पत्रात 'संस्थेच्या कचेरीत, सकाळी अकरा वाजता' एवढंच होतं. कचेरी बिंदू चौकाजवळ, हे शेंबडं पोरही सांगेल. अक्कानं हातावर दही घातलं. समोरच्या कट्ट्यावर बाबालाल पेंटर ब्रश धूत बसला होता. पेठेतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या. सरोजिनीचं इस्त्रीचं पातळ आणि कागदांची पिशवी बघून त्याच्या ओठांवर काहीतरी आलं. पण दारात अक्का उभी. त्यानं नुसती मान डोलावली आणि पुन्हा ब्रशाला लागला.

बिंदू चौकातल्या कचेरीला कुलूप होतं. तिनं खालच्या पानवाल्याला विचारलं. 'मला ठाऊक नाही' असं वाट विचारणाऱ्याला सांगणं म्हणजे कोल्हापूरकराला आपल्या गावाची अब्रू गेल्यासारखं वाटतं. पानवाल्यानं छातीठोकपणे लक्ष्मीपुरी सांगितली. लक्ष्मीपुरीतल्या धान्यवाल्यानं तितक्याच छातीठोकपणे राजारामपुरी सांगितली, वर सातवी गल्लीही नेमून दिली. सातव्या गल्लीत पिठाची गिरणी निघाली. गिरणीवाल्यानं आधी गूळपाणी दिलं, घरादाराची चौकशी केली, गावच्या ओळखी काढल्या आणि मग शाहूपुरीचा रस्ता सांगितला. त्याचा एकट्याचाच पत्ता खरा निघाला, पण तोवर बारा वाजून गेले होते.

शाहूपुरीत कचेरीवर कोरी करकरीत पाटी होती, रंगाचा वास अजून येत होता. शिपाई म्हणाला, मुलाखती संपल्या, जागाही भरली, मुलाखती घेणारी मंडळी आत्ताच स्टेशनावर गेली. कचेरी हलल्याचं पत्रात लिहायचं कारकुनाच्या राहूनच गेलं होतं. सरोजिनी पाटीकडं बघत उभी राहिली. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत होतं, 'बाबालाल पेंटर, मंगळवार पेठ'. ते वाचल्यावर तिला भर रस्त्यात रडू कोसळलं.

घरी आल्यावर तिनं झाला प्रकार सांगितला. बाबालाल कट्ट्यावरून उठून दारात आला.

"मला म्हाईत हुतं की, सरू. परवाच त्यो बोर्ड लावून आलतो मी. सकाळी अगदी तोंडावर आलतं, इचारावं म्हणून. पर अक्कांच्या म्होरं कसं इचारायचं?"

आत अक्का भाकरी थापत होती. तो आवाज थांबला.

तेवढ्यात दादा आला. सगळं ऐकून त्यानं टोपी खुंटीला अडकवली आणि म्हणाला, तिच्या नशिबातच नव्हतं, आता गुरुवारचं बघू. अक्का पिठाच्या हातांनी बाहेर आली. सगळ्यांना वाटलं, आता ही बाबालालवर घसरणार, नाहीतर मांजर आडवं गेलं होतं का म्हणून सरोजिनीची उलटतपासणी घेणार. आपली चूक तिनं उभ्या जन्मात कबूल केलेली कुणी ऐकलं नव्हतं.

"पोरीच्या नशिबाला काय झालं न्हाय," अक्का म्हणाली. "माझ्या खुळ्या कायद्यापायी तिची जागा गेली. माझं चुकलं. गुरुवारी कुणी यायचं न्हाय. लिव्ह त्यास्नी."

लोक काय म्हणतील, असं दादा पुटपुटला.

"म्हातारीला खूळ लागलंय म्हणून लिव्ह."

दादानं निमूटपणे कार्ड लिहिलं. अक्कानं ते बाबालालकडून मोठ्यानं वाचून घेतलं आणि स्वतः जाऊन पेटीत टाकलं.

त्यानंतर वर्षभर ती रोज दुपारी गावातल्या शाळांचे उंबरे झिजवत होती. कुठं जागा आहे का, एवढंच विचारायची. कबनूरच्या जागेची खबर तिनंच आणली. सरोजिनी तिथं रुजू झाली आणि सहा महिन्यांत अक्का गेली.

आता अठ्ठावन्न साल आहे. कबनूरला दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट चालतो, आणि त्यातच सरोजिनी मुलींकडून पाढे म्हणून घेते. जागा मिळाल्याचा दिवस तिला धड आठवत नाही. आठवते ती मंगळवार पेठेतली संध्याकाळ. अक्का चारचौघांत 'माझं चुकलं' म्हणाली तेव्हा सरोजिनीनं तोंड फिरवलं होतं. रागानं ती चार दिवस अक्काशी बोलली नाही. अक्का रोज तिच्या ताटात गरम भाकरी वाढायची आणि मुकाट्यानं आत जायची. ते चार दिवस सरोजिनीला आता परत हवे आहेत.