झालाच समज

आमच्या दादाच्या तोंडात ‘नाही’ हा शब्दच नाही. काम झालं असेल तर ‘झालं’, अर्धवट असेल तर ‘होतंय’, आणि कुणी हातही लावला नसेल तर ‘झालंच समज’. तो बांधकामावर मुकादम आणि मी मागच्या ऑफिसात बसून संगणकावर कामांचा डॅशबोर्ड भरते. रोज सकाळी त्याला फोन करायचा, एकेक काम विचारायचं, खूण करायची. खूण केली की लाल पट्टी हिरवी होते आणि पुढच्या कारागिराच्या मोबाइलवर माझ्या नावाने आपोआप निरोप जातो, जागा तयार आहे, या.

त्या सकाळी साहेब माझ्या खुर्चीमागेच उभे. अख्ख्या पडद्यावर एकच पट्टी लाल उरलेली, चौथ्या मजल्याच्या गॅलरीचा कठडा.

“दादा, कठडा झाला का?”

“झालाच समज गं!”

त्याचं हे ‘समज’ मी लहानपणापासून ओळखते. बोलाचाच भात नि बोलाचीच कढी! पण साहेब मानगुटीवर बसलेले, म्हणून केली खूण. पडदा हिरवागार झाला. साहेब “वा!” म्हणाले आणि मीही फुशारले, खोटं कशाला बोलू?

तासाभराने त्याच पडद्यावर नवी ओळ उमटली. चौथा मजला, गॅलरीचे दिवे, इलेक्ट्रिशियन हजर, काम सुरू.

तो इलेक्ट्रिशियन म्हणजे माझा नवरा. आज तो दुसऱ्या मजल्यावर असणार होता.

दादाला फोन लावला. “अरे, कठडा आहे ना तिथे?”

“वेल्डर दुपारी येतोय. म्हटलं ना, झालाच समज.”

“मेल्या, माझा नवरा वर आहे!”

नवऱ्याचा फोन नुसताच वाजत राहिला. मी पळाले. चपला कुठे राहिल्या, कुणास ठाऊक. इमारतीखाली पाच-सहा माणसं घोळका करून उभी होती. त्यांच्या मधे त्याचं लाकडी स्टूल पडलेलं, चारही पाय चार दिशांना. वर बघायची हिंमत होईना.

“ताई, आहेत ते,” कुणीतरी म्हणालं. “रंगाऱ्याने धरलं.”

जिने कसे चढले, आठवत नाही. तो गॅलरीच्या आत भिंतीला टेकून बसला होता, चेहरा पांढराफटक. रंगाऱ्याचं मनगट त्याने दोन्ही हातांनी पकडलं होतं, आणि तो बिचारा “सोडा आता, भाऊ” म्हणत होता तरी सुटत नव्हतं. समोर कठड्याच्या जागी नुसतं आभाळ.

मी त्याच्यापुढे बसकणच मारली. “अरे, स्टुलावर चढायच्या आधी मागे बघायचं नाही का रे?”

त्याने माझ्याकडे पाहिलं.

“निरोपाखाली तुझं नाव होतं,” तो म्हणाला. “मग कशाला बघू?”