संध्याकाळपर्यंत लांब

मंजिरीचं पोट दुखत होतं ते मुतखड्याने. सीटी स्कॅनमध्ये खडा दिसलाच, पण डाव्या मूत्रपिंडाच्या डोक्यावरच्या छोट्या ग्रंथीत, अॅड्रिनलमध्ये, एक गाठही दिसली.

“अशा गाठी बऱ्याच जणांना असतात. बहुतेक निरुपद्रवी,” डॉक्टर म्हणाल्या. साध्या गाठीत चरबी असते, म्हणून ती स्कॅनवर काळपट दिसते. मंजिरीची तेवढी काळपट नव्हती. मग शिरेतून डाय, म्हणजे स्कॅनवर उठून दिसणारं औषध, देऊन पुन्हा स्कॅन केला. साधी गाठ डाय भरभर सोडते. हिने रेंगाळत सोडला. रक्ताचे रिपोर्ट ठीक होते. “आता पेट स्कॅन करू. कॅन्सरची गाठ साखरेसारखं किरणोत्सर्गी औषध अधाशासारखं ओढून घेते आणि उजळते.”

मंजिरीने हे कोणालाच सांगितलं नव्हतं. नाशिकला आईला सांगावं, तर ती तिकडे झोपली नसती. घटस्फोटानंतर मंजिरी इकडे परदेशात, क्रेगीबर्नला, कुशल आणि मयूरा या जोडप्याच्या घरात एक खोली भाड्याने घेऊन राहत होती. टाइल्सच्या गोदामात ऑर्डरी बघायची, संध्याकाळी डबा गरम करून खोलीत जायची. मयूराला आठवा महिना लागला होता. “ताई, चहा घेतेस का?” ती विचारायची. मंजिरी हसून “नको गं” म्हणायची आणि दार लोटून घ्यायची.

पेट स्कॅनच्या दिवशी नर्सने हातात सुई लावून औषध दिलं आणि ब्लँकेट पांघरलं. “आता हलायचं नाही, बोलायचं नाही. फोनही नको.” छताकडे बघत मंजिरी पडून राहिली. गप्प राहणं तिला जड गेलं नाही, याचंच तिला वाईट वाटलं.

निघताना नर्सने विचारलं, “घरी लहान मूल, गरोदर बाई?”

“आहे.”

“मग संध्याकाळपर्यंत लांब राहा. अंगात अजून रेडिएशन आहे.”

घरी जाता येईना, म्हणून ती गाडी घेऊन पॉइंट कुकच्या किनाऱ्यावर जाऊन बसली. वारा बोचरा होता. इतक्यात मयूराचा फोन आला.

“ताई, पोटात खूप कळा येतायत. कुशल जिलाँगला साइटवर आहे. तू येतेस? हॉस्पिटलला जाऊया.”

“मी नाही येऊ शकत.”

“शिफ्ट आहे का?”

हो म्हणून टाकणं सोपं होतं. “नाही गं. आज माझ्या अंगात रेडिएशन आहे. कॅन्सर आहे का बघतायत. तुझ्याजवळ बसले तर बाळाला बरं नाही.”

मयूरा म्हणाली, “आणि तू एकटीच फिरतेयस?”

“ते राहू दे. शेजारच्या प्रतापकाकांना हाक मार. मी येते मागोमाग, पण लांब थांबेन.”

ती हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये अगदी टोकाला, गाडीतच थांबली. बऱ्याच वेळाने मयूराचा फोन आला. कळा खोट्या होत्या, बाळ छान होतं. थोड्या वेळाने काकांचा हात धरून मयूरा दारातून बाहेर आली आणि तिने लांबूनच हात हलवला. मंजिरी गाडीतून उतरली, तिनेही हलवला. दोघींच्या मध्ये गाड्यांच्या कितीतरी रांगा होत्या.

पुढच्या आठवड्यात मंजिरी रिपोर्टला एकटीच गेली. गाठ उजळली नव्हती. “बहुधा साधीच आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “सहा महिन्यांनी ती वाढतेय का, एवढं बघू. बाहेर सोबत कोणी आहे?”

“नाही.”

गाडीत बसल्यावर तिला रडू आलं. आईला आनंद कळवावा, तर आधी भीती सांगावी लागणार होती. तिने फोन पर्समध्ये टाकला.

घरी मयूरा झोपली होती. आदल्याच दिवशी नागपूरहून आलेली तिची आई स्वयंपाकघरात कणीक मळत होती.

“रिपोर्ट चांगला आला,” मंजिरीच्या तोंडून निघून गेलं.

“कसला रिपोर्ट, बाई?”

मंजिरीने खुर्ची ओढली आणि ती त्या अनोळखी बाईला मुतखड्यापासून सगळं सांगायला लागली.