फुकटच्या ताटाशी माझं वैर

मी कारंजा गावचा एक जुना पितळी डबा आहे आणि स्वभावाने जळका आहे. मित्रांनो, चुलीवर न चढवताही जळणारं भांडं तुम्ही पाहिलं नसेल, तर मला पाहून घ्या.

माझा जन्म भांडेबाजारातल्या एका कासाराच्या हातोडीखाली झाला. त्याने मला इतकं मन लावून ठोकलं, की तीन दिवस गावात दुसरा आवाज कुणाला ऐकूच आला नाही. चौथ्या दिवशी तो थांबला, तेव्हा आपण बहिरे झालो असं वाटून लोक वैद्याकडे धावले. खोटं वाटत असेल तर त्या लोकांनाच विचारा. ते आता हयात नाहीत, हा काही माझा दोष नव्हे.

अंगुरीबाईंच्या लग्नात त्यांच्या आईने मला त्यांच्यासोबत दिलं. सासर धान्याच्या दुकानवाल्या केशरीचंदांचं. घर जैनाचं, त्यामुळे कांदा-लसूण नाही, बाहेरचं खाणं नाही आणि सूर्य मावळला की अन्नपाणी बंद. साहजिकच बाई जिथे जातील तिथे मी बरोबर. माझ्या पोटात दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या असत आणि तिळाची चटणी. एकदा इंझोरीजवळ एसटी बंद पडली, तेव्हा मी बेचाळीस प्रवासी जेवू घातले, ड्रायव्हर-कंडक्टर वेगळे. उरलेल्या दशम्या दोन बैलांना घातल्या, तर त्यांनी ती एसटी थेट कारंज्यापर्यंत ओढत आणली आणि वर थांब्यावर थांबेनात.

असा माझा मान. त्यामुळे घरात नवं काही आलं की माझ्या पोटात दुखे. थर्मास आला, मी महिनाभर त्याच्याकडे पाठ करून बसलो. प्लास्टिकचे डबे आले, त्यांना तर मी डबा म्हणायलाच तयार नव्हतो. पण माझी खरी जळजळ झाली ती गेल्या पौषात, आणि तीही एका अशा ताटावर, जे मी तोवर पाहिलंही नव्हतं.

त्याचं असं झालं. अंगुरीबाईंची मुलगी त्रिशला अहमदाबादेत बाळंत झाली. बाईंचे गुडघे गेलेले, अंगात साखरेचा आजार. रेल्वेचा लांबचा प्रवास झेपणार नाही म्हणून मुलाने, अर्हमने, नागपूरहून विमानाचं ठरवलं. आता नातवासाठी दर दोन-तीन महिन्यांनी जावंच लागणार. तेव्हा एकदाच नीट पारखून एक कंपनी कायमची धरावी, असा विचार निघाला.

अर्हम मोबाइल घेऊन ओसरीवर बसला. मी फळीवरून कान देऊन ऐकत होतो.

"बाबूजी, दोन कंपन्या हायेत. पारवाचं तिकीट सस्तं. पन सामानाचे पैसे अलग, सीटचे अलग, जेवन इकत. राजहंसचं जरा महाग, पन पंधरा किलो सामान त्यातच. आईले चाकाची खुर्ची भेटते, जेवन फुकट."

"फुकट कायचं रे? तिकिटातच लावलं असन त्याइनं," केशरीचंद म्हणाले. पोत्यात नळी खुपसून मूठभर दाणे काढायचे आणि तळहातावर फिरवत बसायचं, ही त्यांची जन्माची सवय. विमानही ते तसंच पाहत होते.

"पारवावाला पानी तरी देते का?" बाईंनी विचारलं.

"इकत."

"मंग आपली एसटी काय वाईट होती?"

"अन आई, एकच कंपनी धरली तं पॉइंट जमा होतात."

"पॉइंट वाटीत घेऊन खाता येते का?"

मी फळीवर खूश. पारवाच ठरू दे, म्हणजे बाई मला घेतील, मी मनात म्हणत होतो. तेवढ्यात अर्हमने शेवटचा दाणा टाकला. "राजहंसमंदी जैन जेवन बी भेटते. आधी सांगा लागते, बस."

केशरीचंद ताठ बसले. "जैन जेवन? मंग झालं! कंपनी समजदार दिसते. विमान किती वाजताचं हाय?"

"पाच दहाचं."

त्यांनी मंदिरातून आणलेलं सूर्यास्ताचं पत्रक काढलं. "सूर्यास्त पाच पन्नासले. चाळीस मिनिटं हायेत. ज्याले कांदा-लसूण समजते, त्याले सूर्यास्त समजत नसन का? उडाल्याबरोबर पयले आपलंच ताट येईन."

घरातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. जैन जेवण म्हटलं की ते वेळेवरच येणार, याबद्दल त्या घरात कुणाला शंका येणं शक्य नव्हतं. मलाही आली नाही. मला आला तो संताप.

"मंग डबा कायले नेता?" अर्हम म्हणाला. "उगाच दीड किलो वजन."

दीड किलो! उभ्या आयुष्यात माझं वजन कुणी काढलं नव्हतं. त्या दिवसापासून ते न पाहिलेलं ताट माझ्या डोळ्यांपुढून हलेना. चांदीचं असेल. मीनाकारीचं असेल. त्याच्यात वाट्याच अकरा असतील. ते विमानात बसून बाईंच्या मांडीवर मिरवणार आणि मी इथे फळीवर झुरळांना किस्से सांगणार. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकतं ना, तसं माझं मन कळकून गेलं.

अखेर बाईंनीच मला खाली काढलं. "त्रिशलाचे डिंकाचे लाडू यातच राह्यतात चांगले. मी नेतो म्हंजे नेतो." माझ्यात गच्च लाडू भरले. मला आनंद व्हायला हवा होता, पण जळक्या माणसाला आनंदातही खोट दिसते. लाडू त्रिशलाचे, बाईंना जेवू घालणार ते ताट, आणि मी नुसता हमाल! अर्हमने गुडघा टेकवून झाकण दाबलं, तसं मीही रागाने तोंड मिटलं. असं मिटलं, की पुन्हा म्हणून उघडायचं नाही.

नागपूरच्या विमानतळावर मला एका यंत्रातून सरकवलं. पडद्यावर माझ्या पोटातले लाडू दिसले आणि तिथला शिपाई उगाच ओठ चाटू लागला. बाई चाकाच्या खुर्चीत राणीसारख्या बसल्या होत्या. खिडकीवरल्या पोरीने विचारलं, "पुढच्या रांगेत बसता का? थोडे पैसे जास्त."

"पुढची रांग काय आधी पोचते?" केशरीचंदांनी विचारलं आणि तेविसावी रांग घेतली. जागा मात्र खिडकीजवळची मिळाली.

विमानात चढण्याआधी बाईंनी साखरेच्या आजाराची गोळी घेतली. गोळी घेतली की अर्ध्या तासात पोटात काहीतरी पडायलाच हवं, हा डॉक्टरांचा हुकूम. ताट येणारच होतं.

विमान वेळेवर निघालं, पण धावपट्टीपर्यंत नुसतं चालत राहिलं. मग उडालं. मग पट्टे सोडायची सूचना होईना. शेवटी ढकलगाडी निघाली ती पहिल्या रांगेपासून, आणि एकेकाला विचारत, चहा की कॉफी, अशी गोगलगायीसारखी. मी आसनाखाली होतो. बाईंच्या पायाला कंप सुटलेला मला कळला. आणि खरं सांगतो, मित्रांनो, मला गुदगुल्या झाल्या. ताट हरलं!

केशरीचंदांनी घड्याळ पाहिलं, पत्रक पाहिलं. "पाच पन्नास. झाला सूर्यास्त. आता नाही."

"अवो, काहून झाला? खिडकीतून पाहा ना. हा काय समोर दिसून राह्यला!"

खरंच दिसत होता. विमान इतकं उंच आणि तेही मावळतीकडे धावणारं. सूर्य डाव्या हाताला तांबडा गोळा होऊन टांगलेला.

"तो कारंज्याचा नाही," केशरीचंद म्हणाले.

"मंग कोनाचा हाय? राजहंस कंपनीचा?"

पुढच्या रांगेतल्या दोन माना हसत मागे वळल्या. पण केशरीचंद हसले नाहीत. बाईंच्या कपाळावर घामाचे थेंब जमले होते, ओठ पांढरे पडले होते. त्यांनी हात धरला, तर तो थंडगार.

"पोरी, ये पोरी!" ते ओरडले.

गाडी सोडून एक हवाई सेविका धावत आली. नाव सुकेशनी. तिने बाईंकडे एकदा पाहिलं आणि ओळखलं. "आजी, साखर कमी झाली का? थांबा, मी ज्यूस आणते."

"नको वं बाई. मले बाहेरचं चालत नाही. माह्यं ते जैन जेवन दे. सूर्य हाय तवरोक दे."

ती बोली ऐकून पोरीचा चेहराच बदलला. "आजी, मी मालेगावची. आपलं वाशीमचं मालेगाव. आणतो, आत्ता आणतो." ती पळाली आणि रांगा मोडून ते ताट घेऊन आली.

तेव्हा मी माझा वैरी पहिल्यांदा पाहिला. चांदी नाही, मीनाकारी नाही. कागदाच्या खोक्यात एक पत्र्याची चौकोनी वाटी, वर चिकटवलेलं झाकण, वाफेने तापलेलं. बाईंच्या थरथरत्या बोटांनी ते सुटेना. सुकेशनी सोलू लागली, तिची बोटं पोळली. तिकडे सूर्य निम्मा बुडाला.

"डब्यात लाडू हाय," बाई पुटपुटल्या.

केशरीचंदांनी मला ओढून मांडीवर घेतलं आणि झाकणाला हात घातला. झाकण हलेना. त्यांनी बाईंच्या पदराच्या टोकाने धरून फिरवलं, खुर्चीच्या हातावर आपटलं. हलेना. मी तोंड मिटलं होतं ना! आता मीच उघडू म्हणतोय तर माझं मलाच उघडता येईना. बाईंची मान खिडकीवर टेकली. बेचाळीस प्रवासी, दोन बैल, सगळ्या बढाया माझ्या घशात अडकल्या. जिच्यासाठी जळत होतो, ती माझ्यासमोर विझत होती, आणि तिचा घास मीच दाबून धरला होता.

"धरा तुमी, आजोबा," सुकेशनी म्हणाली. तिने चमच्याची दांडी फटीत घातली आणि केशरीचंदांनी सगळा जोर लावला. मीही लावला. ठण्णकन असा आवाज झाला, की पहिल्या रांगेतल्या माणसाने आपला चहा शेजाऱ्याच्या मांडीवर दिला.

केशरीचंदांनी लाडू फोडला, पण हात अडला. डोळे घड्याळाकडे गेले, मग खिडकीकडे. काठावर तांबडी कोर तेवढी उरली होती. पत्रक त्यांनी चुरगळून खिशात घातलं. "दिसतो तोच सूर्य. खाय वं तू, खाय."

बाईंनी लाडू खाल्ला, वर दोन घोट पाणी. कोर बुडाली. थोड्या वेळाने त्यांच्या हाताला ऊब आली आणि त्या म्हणाल्या, "त्रिशलाले सांगू नका. मोजून भरले होते."

ते ताट मात्र तसंच बंद राहिलं. मला वाटलं होतं, जिंकल्यावर गंमत वाटेल. तेविसाव्या रांगेपर्यंत धावत आलेलं ते बिचारं चौकोनी भांडं न उघडताच परत गेलं, तेव्हा मीच हळहळलो.

अहमदाबादेत पोचताच अर्हमचा फोन. "कोनती कंपनी धराची, बाबूजी?"

केशरीचंदांनी फोन बाईंना दिला. त्या म्हणाल्या, "राजहंसच धर. पोरगी मायेची हाय तिथली. पन विमान दुपारचं पाह्यजो. अन जेवन नको सांगू. जेवन माह्यं मी नेईन."

तेव्हापासून माझी दर खेपेला वारी आहे, अगदी दीड किलो वजनासकट. पण मित्रांनो, तुमच्या फळीवरही माझ्यासारखं एखादं जुनं भांडं असेल. त्याला चिंचेने घासा, कल्हई करा, आणि काही नाही जमलं तर आठवड्यातून एकदा त्याचं झाकण तेवढं उघडून ठेवा. रागाने मिटलेलं तोंड भुकेच्या वेळी उघडत नाही. हे मी विमानातून शिकून आलोय, आणि या गोष्टीत एवढं एकच मी फुगवून सांगितलेलं नाही.