अपेक्षेचा रकाना

आमच्या यांनी चौदा वर्षं एकाच कचेरीत लोकांचे पगार केले. पगार करणं म्हणजे कोणाची रजा किती, कोणाचा कर किती, कोणाच्या हातात काय पडणार, हे पंचवीस तारखेच्या आत बिनचूक बसवणं. एकशे ऐंशी माणसांचे आकडे यांना तोंडपाठ होते आणि त्यातला एकही यांनी मला कधी सांगितला नाही. यांच्या साहेबांची बायको आमच्याच गल्लीत राहायची. तिचा थाट बघून मी एकदा सहज विचारलं, "अहो, साहेबांना असतो तरी किती?" हे चहा पीत होते. म्हणाले, "पुरतो त्यांना." मी पुन्हा विचारलं नाही.

मग कचेरीने पगाराचं काम बाहेरच्या एका कंपनीला देऊन टाकलं. यांना काढलं नाही, पण टपालाच्या टेबलावर बसवलं. वर्षभर हे लोकांची पाकिटं वाटत राहिले. परदेशातल्या जागेची जाहिरात सापडली तेव्हा यांनी ती मला तीनदा वाचून दाखवली. पगाराचंच काम होतं.

अर्ज संगणकावर भरायचा होता. नाव, शिक्षण, अनुभव झालं आणि एक रकाना आला: अपेक्षित पगार, दरमहा. तो रिकामा सोडला तर पुढचं पान उघडेना.

हे म्हणाले, "तिकडे असलेला माझा एक ओळखीचा म्हणतो, सव्वीसशेच्या खाली लिहू नकोस."

"आत्ता मिळतो तो तिकडच्या पैशात किती होतो?"

यांनी भागाकार केला. "चौदाशे."

"मग चौदाशेचे एकदम सव्वीसशे? काय म्हणतील? माणूस लोभी आहे म्हणतील आणि अर्ज बाजूला ठेवतील."

"तिकडे तसं नसतं गं."

"सगळीकडे तसंच असतं. गरजेपुरतं मागावं. मी देवापुढे बसते तेव्हासुद्धा काही मागत नाही."

"देव तुला अपेक्षित पगार विचारत नाही," हे हसून म्हणाले. पण हात थांबला होता. नोकरी बदलताना चालू पगारावर तीस टक्के मागायचे, ही आमच्याकडची रीत. यांनी स्वतः शेकडो लोकांच्या कागदांवर तेवढीच वाढ पाहिलेली. चौदाशेवर तीस टक्के म्हणजे अठराशे वीस. आमच्या पैशात तो आकडा एवढा मोठा दिसत होता की मलाच जरा लाज वाटली. यांनी तो लिहिला.

मुलाखत झाली आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी होकार आला. मी देवाजवळ साखर ठेवली. संध्याकाळी माझा दादा आला, त्याला ही बातमी सांगितली. त्याचं कापडाचं दुकान. तो म्हणाला, "भाऊजी, घासाघीस नाहीच केली त्यांनी?"

"नाही. सांगितला तो मान्य."

"गिऱ्हाइकाने सांगितलेला भाव मुकाट्याने दिला ना, की मी रात्रभर झोपत नाही. म्हणजे आपण कमी सांगितला."

आम्ही सगळे हसलो. हे सगळ्यात मोठ्याने.

यांनी पुढे जायचं, तीन महिन्यांत मी आणि लेकीने मागून जायचं, असं ठरलं. भाड्याची जागा सोडली. कपाट, पलंग, शिवणयंत्र विकलं. मी दवाखान्यात केसपेपर काढायचे, ती नोकरी सोडली. टिकलीचा, म्हणजे आमच्या नऊ वर्षांच्या लेकीचा, शाळा सोडल्याचा दाखला काढून फाइलीत लावला. आणि आम्ही दोघी दादाच्या घरी, त्याच्या मुलाच्या अभ्यासाच्या खोलीत राहायला गेलो.

हे तिकडे आणखी दोघांबरोबर एका खोलीत राहत होते. दुपारच्या सुटीत कचेरीच्या जिन्यात बसून फोन करायचे. बोलता बोलता दार उघडायचं आणि कोणाचे तरी बूट खाली उतरत गेलेले मला ऐकू यायचे. कामाबद्दल मात्र हे आनंदाने सांगत. तिथे वेगवेगळ्या कंपन्यांचे पगार करून द्यायचे असत आणि स्वतःच्या कंपनीचेही. यांच्या शेजारी एक उंच माणूस बसायचा, त्याचं नाव यांनी शिडी ठेवलं होतं. शिडीला कराचं कोष्टक जमत नसे. तो महिन्यातून चारदा खुर्ची सरकवून यांच्याकडे यायचा.

तिसऱ्या महिन्यात हे आमच्या तिकडे राहण्याच्या परवान्यासाठी सरकारी खिडकीवर गेले. खिडकीतल्या मुलीने करार वाचला आणि पगाराच्या आकड्याभोवती पेन्सिलने गोल काढला. कुटुंब आणायचं तर करारावर पगार किमान अडीच हजार हवा. हा नियम तिकडे सगळ्यांना माहीत होता. आम्ही फक्त यांच्या परवान्याची पानं वाचली होती.

"सव्वीसशे लिहिले असते तर," मी म्हटलं.

"आता ते काढू नकोस," हे म्हणाले.

पगारवाढ दोन वर्षांनी, असं करारात होतं. दोन वर्षं. इथे टिकलीची शाळा भरून चार महिने झाले होते आणि अध्येमध्ये कोणी घेईना. ती दादाच्या जेवणाच्या टेबलावर जुन्याच वह्यांतून गणितं सोडवत बसायची. तिकडची शाळा पाच आठवड्यांनी उघडणार होती. तोवर पोचलो असतो तर तिचं वर्ष वाचलं असतं. वहिनी वाईट नाहीत. पण एकदा भाजी चिरताना म्हणाल्या, "वन्सं, तुमचं विमान कुठे अडलं म्हणायचं? आमच्या चिरंजीवांची परीक्षा आली. बिचारा जिन्यात बसून वाचतो."

मी म्हटलं, "येईल लवकर."

त्याच आठवड्यात यांनी फोनवर खूप हळू सांगितलं, "शिडीला एकतीसशे आहेत."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा यांनी मला दुसऱ्याचा पगार सांगितला होता.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"दर महिन्याला मीच घालतो ना त्याच्या खात्यावर."

"काम तेच?"

"तेच. अर्धं मी करतो."

मी म्हटलं, "मग बाईंना सांगा." बाई म्हणजे यांच्या वरिष्ठ.

"वाढ मागतो. शिडीचं नाही बोलता येत."

"का?"

"मला ते कामामुळे माहीत आहे. पगार करणाऱ्याने ते ओठावर आणायचं नसतं."

"नुसती वाढ मागाल तर त्या करार दाखवतील. हे बोललात तरच ऐकतील."

तिकडे दार उघडलं आणि कोणाचे तरी बूट खाली उतरत गेले. मी म्हटलं, "टिकली सकाळपासून एकटी टेबलावर बसून आहे. तिच्याहून तुमचा नियम मोठा आहे का?"

मी आवाज चढवत नाही. हळू बोलते. म्हणून माझं बोलणं यांना परतवता येत नाही, हे लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर आता माझ्या लक्षात येतंय.

पुढच्या सोमवारी हे बाईंच्या खोलीत गेले. तिथे काय झालं ते यांनी मला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. बाईंनी यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं. यांनी घरची अडचण मांडली. बाई म्हणाल्या, "मला वाईट वाटतं. पण आकडा तुम्हीच लिहिला होता. आम्ही त्यातून एक पैसाही कमी केला नाही."

हे म्हणाले, "माझ्या शेजारच्याला एकतीसशे आहेत."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. विचारलं, "हे त्यांनी तुम्हाला सांगितलं?"

हो म्हटलं असतं तर कदाचित निभावलं असतं. शिडी भला माणूस, त्याने मान डोलावली असती. हे म्हणाले, "नाही. मी पाहिलं."

"कामात?"

"कामात."

बाईंनी पेन बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "तुमचं काम इतकं चांगलं होतं."

जेवणाच्या सुटीआधी यांचा संगणक बंद झाला. गुप्ततेचा भंग म्हणून काढलं, देश सोडायला दोन आठवड्यांची मुदत. परवाना नोकरीला जोडलेला, म्हणजे नोकरीबरोबर तोही संपला. शिडीने यांना जिन्यापर्यंत सोडलं. काय झालंय ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याने विचारलं, या महिन्याचं कोष्टक आता कोण बघणार.

हे ऐकताना मी दादाच्या गच्चीवर उभी होते. मी म्हटलं, "मीच बोलायला लावलं तुम्हाला. आधी गप्प बसवलं, मग बोलायला लावलं."

"मलाही बोलायचंच होतं गं," हे म्हणाले. यांना तसं बोलायचं नव्हतं, हे मला माहीत आहे. एक शब्द रागाचा बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. हे तिकिटाचं बोलायला लागले, सामान किती किलो आणता येईल, टिकलीला काय आणू.

मी खाली आले. टिकली टेबलावर भागाकार करत होती. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "बाबा येतोय. अठरा तारखेला."

तिने पेन्सिल खाली ठेवली. "आपल्याला न्यायला?"

"नाही. इथे राहायला."

"कायमचा?"

"हो."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, खरं का खोटं ते ताडत. मग तिचं सगळं तोंड उजळलं. तिने गेल्या चार महिन्यांत ज्या एका गोष्टीसाठी तोंड मिटून सगळं सोसलं होतं, ती आपोआप मिळाली होती. मी तिला धरून ठेवायला हात पुढे केला, तोवर ती स्वयंपाकघराकडे धावली होती. "मामी, बाबा येतोय. आता आम्ही कुठेच जाणार नाही."

आतला भांड्यांचा आवाज थांबला. वहिनी हात पुसत दारात आल्या. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना बरंचसं कळलं असावं, कारण बाकी काही विचारलं नाही. म्हणाल्या, "तिघं त्याच खोलीत मावाल का, वन्सं?"

मी म्हटलं, "मावू."